नवीन कंपनीत आपण पुढे जाऊ की नाही, हे आधी कसं ओळखायचं?

कळव्याची_मीरा | रविवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय. नोकरीचा प्रश्न आहे आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री, नऊ वर्षं औषध कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये. त्यातली शेवटची सहा रबाळे एमआयडीसीत एकाच ठिकाणी. इथे घेताना साहेब म्हणाले होते, "दोन वर्षांत सेक्शन हेड." त्या एका वाक्यावर मी महिन्याला पाच हजार कमी घेऊन आले. आज आयकार्डाचं लॅमिनेशन सुटलंय, पण त्यावरचं 'सिनियर एक्झिक्युटिव्ह' तसंच आहे. मधल्या काळात सेक्शन हेडची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा बाहेरून माणूस आणला. कुठल्या एचपीएलसी मशीनचा पंप कुरकुरतो, कुठल्या कपाटात कुठल्या रजिस्टरांचे गठ्ठे आहेत, हे त्या दोघांना मीच दाखवलं. तेव्हा घरी येऊन रडले होते, खोटं कशाला सांगू.

आता हातात दोन ऑफर आहेत. एक ऐरोलीची, शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी, पद 'असिस्टंट मॅनेजर'. दुसरी वागळे इस्टेटमधली, घरचा कारभार, दीडशेच्या आसपास माणसं, पद 'मॅनेजर, क्यूसी' आणि पगार वर्षाला साठ हजारांनी जास्त. दोन्हीकडे मी विचारलं, पुढे वाढ कशी आहे? ऐरोलीच्या एचआरबाई म्हणाल्या, "स्काय इज द लिमिट." वागळेचे मालक म्हणाले, "तुम्ही आमच्या घरच्याच समजा."

या वाक्यांचं मी काय करू? पगार, रजा, पीएफ सगळं कागदावर आलंय. ज्याचा कागद मिळत नाही ते कसं तपासायचं? पुन्हा सहा वर्षं घालवायची माझी तयारी नाही.

---

सात_बाराची_ट्रान्सहार्बर | रविवार, रात्री १०:२२

वाचनखूण साठवली. मलाही हेच विचारायचं होतं.

---

जुनं_ठाणं | रविवार, रात्री ११:०५

मीराताई, मी वागळे इस्टेटमध्ये १९८१ साली लागलो आणि पर्सोनेल खात्यातून निवृत्त झालो. १९६२ साली एमआयडीसी निघाली आणि तिची पहिली वसाहत ती हीच, त्यामुळे लहानमोठे शंभर कारखाने जवळून पाहिलेत. मुलाखतीला आलेल्या माणसाला आम्ही काय काय सांगायचो ते मला ठाऊक आहे. त्यातलं बरंचसं सांगणारा त्या क्षणी मनापासून सांगत असतो. तो फसवतोच असं नाही. पण बढती त्याच्या शब्दावर होत नाही, जागा असेल तर होते.

म्हणून 'वाढ कशी आहे' असं विचारू नका. विचारा, "ही जागा कशामुळे रिकामी झाली? माझ्याआधी या खुर्चीवर कोण होतं आणि ते आता कुठे आहेत?"

ते याच कंपनीत वरच्या जागेवर असतील तर म्हणा, दहा मिनिटं त्यांच्याशी बोलता येईल का. माणूस खरंच वर गेला असेल तर कंपनी आनंदाने भेटवते. ते सोडून गेले असतील तर किती दिवसांत गेले ते विचारा, आणि त्यांच्याआधीचे किती दिवस टिकले तेही. एकाच खुर्चीवरून तिघं लागोपाठ वर्ष-दीड वर्षात उठले असतील तर दोष खुर्चीत आहे, माणसांत नाही. जागा नवीन असेल तर ती का काढली, कोणत्या कामासाठी, ते काम संपलं तर पुढे काय, हे विचारा.

आणि तुमचे होणारे साहेब त्या जागेवर किती वर्षं आहेत, तेही बघा. ते दहा वर्षं तिथेच असतील आणि निवृत्तीला पंधरा उरली असतील, तर तुमच्यावरचं दार बंद आहे. माणूस कितीही सज्जन असो.

---

शिफ्ट_संपली | रविवार, रात्री ११:३०

काका, शेवटचा परिच्छेद वाचून माझे साहेब डोळ्यांसमोर आले. देवमाणूस आहे, आणि वय ४१.

---

अनघा_आकडेवाली | सोमवार, सकाळी ८:१५

जुनं ठाणं काकांना +१. ऐरोलीची कंपनी लिस्टेड आहे, म्हणजे तिचे कागद घरबसल्या मिळतात. लोक ते वाचत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल बंधनकारक केला आहे. तो वार्षिक अहवालातच असतो. पर्यावरणाची पानं उलटा आणि माणसांच्या पानांवर या. कायम कर्मचाऱ्यांपैकी किती टक्के सोडून गेले याचे तीन वर्षांचे आकडे तिथे असतात, बायका आणि पुरुष वेगळे. किती जणांना प्रशिक्षण दिलं आणि किती जणांचं कामगिरी व करिअरचं मूल्यमापन झालं, तेही असतं. बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परत आल्या आणि वर्षभरानंतर किती टिकल्या, हाही आकडा असतो. मी मुलाखतीला जाण्याआधी तो सगळ्यात आधी बघते.

दुसरा कागद संचालकांच्या अहवालाला जोडलेला असतो. मधल्या कर्मचाऱ्याचा पगार, म्हणजे मीडियन, वर्षात किती टक्के वाढला आणि कायम कर्मचारी किती, हे कुठल्याही लिस्टेड कंपनीला त्यात द्यावं लागतं. साहेबलोकांची वाढ एकीकडे आणि मीडियनची वाढ दुसरीकडे ठेवून बघ, मीरा. खाली काय झिरपतं ते कळतं.

वागळेची कंपनी लिस्टेड नसणार. तिचे ताळेबंद कंपनी खात्याच्या साइटवर फी भरून बघता येतात. सलग तीन-चार वर्षं विक्री आहे तिथेच असेल तर वर नवीन जागा निघणार तरी कशी?

---

तळोजाकर | सोमवार, सकाळी ९:०२

अनघाताईंचं खोटं नाही, पण तो सगळ्या कंपनीचा आकडा झाला. सेल्समधली पोरं भराभर सोडतात आणि क्यूसीतले वीस वर्षं बसतात, दोघांची सरासरी काढून मीराताईंना काय कळणार? शिवाय ठेकेदाराची माणसं कायम कर्मचाऱ्यांच्या आकड्यात येत नाहीत. आमच्या तळोज्यात निम्मा प्लांट ठेकेदाराच्या रजिस्टरवर चालतो.

कारखान्यातली वाढ मी एकाच गोष्टीवरून ओळखतो. सरकारी कागदावर कंपनी कुणाचं नाव चढवते? मी बॉयलरवर हेल्पर होतो. पहिल्या कंपनीने सात वर्षांत परीक्षेला बसायला रजा दिली नाही. दुसरीने फी भरली, अभ्यासाला आठ दिवस दिले. आधी अटेंडंट झालो, मग बीओई, म्हणजे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा काढली. त्या सर्टिफिकेटवर माझं नाव आहे, कंपनीचं नाही. ते माझ्याबरोबर कुठेही येतं.

तुमच्या लाइनीत एफडीएचं, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाचं, अप्रूव्हल असतं ना? अप्रूव्ह्ड केमिस्ट म्हणून तुमचं नाव पाठवणार का आणि कधी, हे विचारा. त्याचं उत्तर 'स्काय'मध्ये देता येत नाही. हो म्हणावं लागतं किंवा नाही.

---

कळव्याची_मीरा | सोमवार, सकाळी ९:४०

तळोजाकर दादा, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. माझ्याकडून अप्रूव्हलसाठी दोनदा कागद घेतले. पदवी, अनुभवाचे दाखले, फोटो, सगळं. दोन्ही वेळा फाइल पुढे गेलीच नाही. आज ते अप्रूव्हल असतं तर या धाग्याची गरज पडली नसती. मुलाखतीत हे विचारायचं मला सुचलंच नाही.

---

पामबीच_रोड | सोमवार, दुपारी १:१०

एवढा विचार कशाला? आजकाल वाढ आतून मिळत नाही, उडी मारून मिळते. जिथे पैसे जास्त तिथे जा, दोन वर्षं काढा, पुढची बघा. मी आठ वर्षांत चार कंपन्या केल्या. ऐरोली, महापे, घणसोली, परत ऐरोली. पगार तिप्पट झाला.

---

शिफ्ट_संपली | सोमवार, दुपारी १:३५

तुमचं फील्ड आयटी आहे का?

---

पामबीच_रोड | सोमवार, दुपारी १:३८

हो.

---

शिफ्ट_संपली | सोमवार, दुपारी १:५०

मग तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे. क्यूसीत चार वर्षांत तीन कंपन्या दिसल्या की ऑडिटवाला सोडा, मुलाखत घेणाराच भुवया उंचावतो. आणि उडी मारायलाही काहीतरी शिकलेलं लागतं. पहिल्या दोन वर्षांत नवं काम हातात आलं नाही तर उडी कशाच्या जोरावर मारणार?

---

पामबीच_रोड | सोमवार, दुपारी २:०५

हे मान्य. मी प्रत्येक ठिकाणी नवीन काहीतरी शिकूनच निघालो, ते लिहायचं राहिलं.

---

एचआर_महापे | सोमवार, रात्री ९:२०

मी एचआरमध्ये आहे, म्हणून आमची बाजू मांडते. 'वाढ आहे का' या मोघम प्रश्नाला आम्ही मोघमच उत्तर देणार. मुलाखतीच्या त्या टप्प्यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नसतं. पण ऑफर दिल्यानंतर उमेदवाराने नेमकं विचारलं, तर पुढच्या गोष्टी मी सांगू शकते आणि सांगते.

तुमचा ग्रेड कोणता आणि त्याच्या वरचा कोणता? 'मॅनेजर' या शब्दावर जाऊ नका. एका कंपनीतला मॅनेजर दुसरीकडे असिस्टंट मॅनेजरच्या खाली बसतो. पद वाढतं पण ग्रेड तोच राहतो, असंही आम्ही करतो, कारण व्हिजिटिंग कार्ड छापायला बजेट लागत नाही.

मूल्यमापनाची कट-ऑफ तारीख कोणती? आमच्याकडे ३० सप्टेंबरनंतर रुजू झालेला माणूस येत्या एप्रिलच्या यादीत नसतो. एका दिवसाच्या फरकाने वर्ष जातं. प्रत्येक कंपनीची तारीख वेगळी, ती विचाराच.

गेल्या वर्षी तुमच्या विभागात किती जणांना बढती मिळाली, आणि वरच्या जागा आतून भरल्या की बाहेरून? नावं सांगणार नाही, संख्या सांगेन. मी आकडा द्यायला टाळाटाळ केली तर तोच माझा आकडा समजा.

आतल्या जागांना अर्ज करायला किती सेवा लागते आणि साहेबांची परवानगी लागते का? परवानगी लागत असेल तर चांगल्या माणसाला साहेब सोडत नाही. मीराताई, तुमच्या सहा वर्षांचं कारण बहुधा हेच आहे. तुम्ही कमी पडला नाहीत. तुमच्यावाचून लॅब अडली असती.

---

कळव्याची_मीरा | सोमवार, रात्री ९:४५

शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. सहा वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मनापासून आभार.

---

न्हावाशेवा_कंटेनर | मंगळवार, सकाळी ७:५०

घरच्या कंपन्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी उरणचा, कस्टम ब्रोकरच्या फर्ममध्ये १४ वर्षं होतो. मालक, त्यांचा भाऊ, भावाचा मुलगा. केबिन तीन आणि पाट्यांवर आडनाव एक. चौथी केबिन होणार नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

तरी मी राहिलो, कारण मालकांनी पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं, "भागीदारी मिळणार नाही. काम सगळं शिकवीन." आणि शिकवलं. कस्टममध्ये काम करायच्या एच कार्डावर लागलो होतो, त्यांनी त्याच्या वरच्या जी कार्डाच्या परीक्षेला बसवलं, पुस्तकं आणून दिली, पास झालो तेव्हा पेढे त्यांनी वाटले. मग आयातीची बिल ऑफ एंट्री, ड्युटीचं असेसमेंट, मोठ्या पार्ट्या, सगळं माझ्याकडे आलं. आता माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे आणि त्यांच्याकडूनच कामं येतात.

सांगायचं एवढंच की छप्पर बुटकं आहे हे आधी कळलं तर माणूस त्या हिशेबाने राहतो. बुटकं असून उंच सांगितलं की डोकं आपटतं. वागळेच्या मालकांना सरळ विचारा, "तुमच्या घराबाहेरचा माणूस आजपर्यंत कुठपर्यंत पोहोचला?"

---

दिघागावची_सून | मंगळवार, सकाळी ११:२५

एक बाईमाणसाचा प्रश्न मधे घालते. मीरा, मूल लहान आहे का? मग महत्त्वाचे निर्णय किती वाजता होतात ते बघ. आधीच्या ठिकाणी आमची खरी मीटिंग संध्याकाळी सातनंतर व्हायची, चहाबरोबर. मी सहाची गाडी पकडायचे. काम सगळं पूर्ण, पण यादीत नाव नाही, कारण नावं सातनंतर ठरायची. हे कळायला मला तीन वर्षं लागली.

म्हणून कंपनीत मॅनेजरच्या वर किती बायका आहेत आणि त्यातल्या किती जणींना लहान मुलं आहेत, हे बघ. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने लागते. ती कागदावर आहे की खरंच चालू आहे, हे दाखवायला सांग. रिकाम्या खोलीत दाखवायला ठेवलेला खेळण्यातला घोडा लगेच ओळखू येतो.

---

सात_बाराची_ट्रान्सहार्बर | मंगळवार, दुपारी १२:०५

कळव्याहून ऐरोली म्हणजे ठाण्याला उतरून दहा नंबर फलाटाचा पूल चढायचा ना? रोजचं दिव्य आहे ते.

---

दिघागावची_सून | मंगळवार, दुपारी १२:१४

हो ना! कळवा-ऐरोली थेट रेल्वे जोडणीची वाट बघून आम्ही थकलो. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं तेवढंच सुख. पण वागळेलासुद्धा ठाणे स्टेशनहून रिक्षाची रांग आहेच, त्यामुळे तिथे फिट्टंफाट.

---

शिफ्ट_संपली | मंगळवार, दुपारी १२:४०

आमच्या जुन्या ऑफिसात बढती कुणाला मिळाली ते खुर्चीवरून कळायचं. आधी बिनहाताची, मग हाताची, मग डोकं टेकायची. एकदा एकाला चुकून डोकं टेकायची खुर्ची आली तर तीन दिवस सगळे त्याला 'सर' म्हणत होते.

---

जुनं_ठाणं | मंगळवार, दुपारी ४:३०

हसलो, पण खुर्च्या बघाव्यातच. मीराताई, पुन्हा जाणार असाल तर दुपारच्या जेवणाच्या सुमारास जा. कॅन्टीनमध्ये कोण कुणाबरोबर बसतं ते बघा. गेटवरच्या वॉचमनला विचारा, क्यूसीत जुनं कोण आहे. त्याला सगळं माहीत असतं आणि त्याला कुणी पढवलेलं नसतं.

---

तळोजाकर | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

आणि जे तोंडी कबूल करतील ते मेलवर मागा. 'आज आपलं असं बोलणं झालं' एवढं आपणच लिहून पाठवायचं. उत्तरात नुसतं 'ओके' आलं तरी चालतं.

---

कळव्याची_मीरा | गुरुवार, रात्री १०:५०

दोन्हीकडे जाऊन आले. दोन दिवस सुट्टी टाकली, सासूबाईंनी घर सांभाळलं. जे झालं ते सांगते.

आधी ऐरोली. अनघाताई, तुम्ही सांगितलेला अहवाल मंगळवारी रात्री वाचला. बायकांचं सोडून जाण्याचं प्रमाण तिन्ही वर्षं पुरुषांपेक्षा बरंच जास्त. एचआरबाईंना काकांचा प्रश्न विचारला. त्या प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, चार वर्षांत या खुर्चीवर तुम्ही चौथ्या. आधीच्या तिघींपैकी एक दुसऱ्या विभागात गेली, दोघी बाहेर. कट-ऑफ तारीख उलटून गेलीय, म्हणजे पहिलं मूल्यमापन पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये. होणाऱ्या साहेबांना अप्रूव्हलचं विचारलं तर म्हणाले, "आपण बघू." रबाळ्यातलेही हेच म्हणायचे, याच सुरात.

मग आज वागळे, १६ नंबर रस्त्यावर. वॉचमनकाकांनी एका दमात सांगितलं की लॅबमध्ये जुनी दोघं, दोघंही ट्रेनी म्हणून आलेली. आत लॅबच्या दाराजवळ भिंतीवर कंपनीचा तक्ता लावलाय, जुना, कडा पिवळ्या पडलेल्या. नावं टाइप करून चिकटवलेली. एका चौकोनावर एकावर एक चार पट्ट्या होत्या, वरची जरा सुटलेली. मी वाकून बघितलं. खालच्या पट्टीवर 'डेप्युटी मॅनेजर' म्हणून जे नाव आहे तेच 'केमिस्ट' आणि 'ट्रेनी'च्या चौकोनांतल्या जुन्या पट्ट्यांवरही होतं. एकाच माणसाचं नाव तीन चौकोनांतून वर गेलेलं. बाजूला लॅबमधली मुलगी उभी होती, ती म्हणाली, "ते सर ना? ते आता क्वालिटी अ‍ॅशुरन्सला आहेत, बोलावू का?" आणि बोलावलंसुद्धा. वीस मिनिटं बोललो. माझ्या जागेवरचे आधीचे गृहस्थ ११ वर्षं होते, वयोमानाने निवृत्त झाले.

मालकांना न्हावाशेवा दादांचा प्रश्न विचारला. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "क्वालिटी हेड माझी सून आहे. ती जागा तिचीच राहील. त्याच्या खालपर्यंत कुणीही येऊ शकतं." मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण उलट बरं वाटलं. मग अप्रूव्हलचं विचारलं. म्हणाले, सहा महिन्यांनी तुमचं नाव पाठवू. मी म्हटलं, ऑफर लेटरमध्ये लिहाल का? त्यांनी तिथेच अकाउंट्सच्या माणसाला बोलावून टाइप करायला सांगितलं.

वरची जागा नाही हे माहीत आहे. पण अप्रूव्हल झालं, चार-पाच वर्षं अख्खी लॅब सांभाळली, दोन-तीन मोठी ऑडिट स्वतः तोंड देऊन पार पाडली, की त्यानंतरचं माझं मी बघू शकेन. मी वागळे घेतेय.

---

अनघा_आकडेवाली | गुरुवार, रात्री ११:०२

वा मीरा! चार पट्ट्यांचा तक्ता माझ्या कुठल्याच अहवालात मिळाला नसता.

---

एचआर_महापे | गुरुवार, रात्री ११:१०

अभिनंदन. ऐरोलीला नकार कळवताना कारण खरं लिहा, कट-ऑफ आणि अप्रूव्हल, दोन्ही. आम्हाला वर दाखवायला तसे मेल लागतात. पुढच्या मुलीला उपयोग होईल.

---

जुनं_ठाणं | शुक्रवार, सकाळी ६:४०

पत्रात 'सहा महिन्यांनी' लिहिलंय की तारीख घातलीय?

---

कळव्याची_मीरा | शुक्रवार, सकाळी ७:०५

'सहा महिन्यांनी' होतं, काका. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ताच मेल केला की रुजू होण्याच्या तारखेपासून मोजून तारीख घाला. ११ वाजता सही करायला जातेय, तेव्हा बघते.

---

कळव्याची_मीरा | शुक्रवार, दुपारी १२:२०

तारीख घातली. सही केली.

---

सात_बाराची_ट्रान्सहार्बर | शुक्रवार, दुपारी १२:३१

ताई, खूप खूप शुभेच्छा! माझी मंगळवारी तुर्भ्याला मुलाखत आहे. पहिला प्रश्न ठरला, आधी त्या खुर्चीवर कोण होतं.